मोहिमेचा बिल्ला

राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांचा सामना असला, की कोल्हापुरातल्या पेठापेठांतून पोरे ज्या ऐटीने आपापल्या तालमीचे नाव छातीवर मिरवीत निघतात, ती ऐट ज्याने एकदा पाहिली आहे त्याला कापडाच्या लहानशा तुकड्यात केवढा अभिमान सामावू शकतो हे निराळे सांगावे लागत नाही. निशाणे आणि चिन्हे यांची या नगरीला जुनी ओळख आहे. दसऱ्याच्या शाही सोहळ्यात जरीपटक्याचा मान आजही राखला जातो. खासबागेच्या हौद्यात नाव काढणाऱ्या मल्लाच्या खांद्यावर चांदीची गदा यावी ही इथल्या प्रत्येक आईबापाची इच्छा असते. 1929 साली याच गावात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने तुतारी फुंकणाऱ्या स्त्रीची आकृती आपले चिन्ह म्हणून पत्करली, आणि प्रभातचे बोलपट ज्यांनी कधी पाहिले नाहीत त्यांनाही ती आकृती ओळखता येते. अशा गावातील वाचकांपुढे आज एका नव्या निशाणाची हकीकत ठेवावयाची आहे. उपग्रह घेऊन अग्निबाण आकाशात झेपावतो तेव्हा त्या एकाच उड्डाणासाठी मुद्दाम तयार करविलेला, साधारणतः तीन ते चार इंच व्यासाचा, रंगीत धाग्यांनी भरलेला एक कापडी बिल्ला पुष्कळदा काढला जातो. अंतराळाच्या कामात वावरणारी मंडळी त्याला ‘मिशन पॅच’ म्हणतात.

आपल्या देशात या बिल्ल्याकडे सामान्य वृत्तपत्रवाचकाचे लक्ष वेधले गेले ते 2022 च्या नोव्हेंबरात. हैदराबादच्या स्कायरूट या खासगी कंपनीने ‘विक्रम-एस’ नावाचा अग्निबाण बांधला होता आणि त्याच्या मोहिमेला ‘प्रारंभ’ असे नाव दिले होते. उड्डाणाच्या आधी त्या मोहिमेचा बिल्ला इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांच्या हस्ते बंगळुरूला समारंभपूर्वक प्रकाशित करण्यात आला. तो अग्निबाण अवघा 6 मीटर उंच आणि 545 किलो वजनाचा. 18 नोव्हेंबर रोजी श्रीहरिकोट्याहून निघून 89.5 किलोमीटर उंची गाठून तो समुद्रात विसावला. उपग्रह कक्षेत सोडण्याचे काम त्याच्याकडे नव्हतेच. तीन उपकरणे वर नेणे आणि आपल्या यंत्रणेची परीक्षा देणे एवढाच त्याचा हेतू होता. तथापि खासगी हातांनी बांधलेला असा अग्निबाण भारतभूमीवरून प्रथमच उडत होता, आणि तो उडण्यापूर्वीच त्याचे निशाण तयार होते, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. कोणत्याही मोठ्या उद्योगाला यंत्रसामग्री, भांडवल आणि मंजुरीचे कागद जितके लागतात तितकेच, त्यात राबणाऱ्या माणसांना ‘हे आमचे आहे’ असे बोट ठेवून दाखविता येईल असे काहीतरी लागते, हे त्या तरुण कंपनीने पहिल्याच पावलाला ओळखले.

व्यापारी उपग्रहप्रक्षेपण म्हणजे नेमके काय, हे येथे थोडे उलगडून सांगणे इष्ट होईल. एखाद्या देशाने वा कंपनीने उपग्रह बांधला, परंतु तो वर नेण्याचे साधन तिच्यापाशी नाही, अशा वेळी ती अग्निबाणवाल्या संस्थेशी करारनामा करते. त्यात उपग्रहाचे वजन, हवी ती कक्षा, उड्डाणाची मुदत, विम्याची जबाबदारी आणि हप्त्यांची रक्कम यांचा तपशील ठरतो, आणि मग तो उपग्रह सीलबंद पेट्यांतून प्रक्षेपणकेंद्रावर रुजू होतो. भारताने असे परकी उपग्रह प्रथम नेले ते 26 मे 1999 रोजी, आपल्याच एका उपग्रहाच्या सोबतीने. कोरियाचा एक आणि जर्मनीचा एक असे ते दोन पाहुणे होते. संपूर्ण अग्निबाण परदेशी ग्राहकाच्या मुख्य उपग्रहासाठी उडाला तो 23 एप्रिल 2007 रोजी. इटलीचा ‘अजिले’ नावाचा 352 किलो वजनाचा खगोलवेधी उपग्रह त्या दिवशी पीएसएलव्ही-सी8 या भारतीय अग्निबाणाने कक्षेत ठेवला. पुढे 15 फेब्रुवारी 2017 रोजी एकाच उड्डाणात 104 उपग्रह सोडले गेले, त्यांतले 101 परकी होते. 23 ऑक्टोबर 2022 रोजी वनवेब कंपनीचे 36 उपग्रह एकत्र गेले. 1992 साली स्थापन झालेली अँट्रिक्स आणि 2019 साली आलेली न्यूस्पेस इंडिया या सरकारी कंपन्यांनी हा व्यवहार सांभाळला. आजवर तीसहून अधिक देशांचे चारशेहून अधिक उपग्रह भारतीय अग्निबाणांनी वाहून नेले आहेत. हा जमाखर्च अभिमानास्पद खराच, परंतु आकडे माणसाला दंडावर शिवून घेता येत नाहीत.

बिल्ल्याची प्रथा अंतराळात आली ती सैन्यातून. पलटणीचे चिन्ह बाहीवर वागविणे ही फार जुनी रीत, आणि पहिल्या पिढीचे अंतराळवीर बहुतेक हवाई दलातले. तेव्हा त्यांनी आपल्यासोबत ती रीत आणली यात नवल नाही. 1963 च्या जूनमध्ये व्हॅलेंतिना तेरेश्कोवा अंतराळात गेली तेव्हा तिच्या पोशाखावर कबुतराचे चित्र भरलेले होते, आणि पुष्कळ अभ्यासक तोच आद्य बिल्ला मानतात. अमेरिकेत ही प्रथा सहजासहजी रुजली नाही. अंतराळवीरांनी आपल्या यानांना मन मानेल ती नावे द्यावीत हे तिथल्या वरिष्ठांना रुचेनासे झाले आणि नावे ठेवण्यास मनाई झाली. तेव्हा गॉर्डन कूपर या वैमानिकाने 1965 च्या जेमिनी-5 उड्डाणासाठी, नाव नाही तर निदान चिन्ह तरी असावे, म्हणून पश्चिमेकडे निघालेल्या वसाहतकारांच्या छपरी गाडीचे चित्र असलेला बिल्ला करविला. आठ दिवसांचे ते उड्डाण त्या काळी विक्रमी ठरणार होते, म्हणून गाडीच्या छपरावर ‘आठ दिवस, नाहीतर फजिती’ अशा आशयाचे शब्द होते. नासाचे प्रमुख जेम्स वेब यांनी बिल्ला मंजूर केला, पण ते शब्द उड्डाण तडीस जाईपर्यंत झाकून ठेवण्याची अट घातली. मोहीम मुदतीआधीच आटोपली तर सगळे जग ती फजितीच समजेल, ही त्यांची भीती. अंतराळवीरांनी त्या शब्दांवर कापडाची पट्टी शिवली आणि जवळजवळ आठ दिवस पृथ्वीप्रदक्षिणा करून ते सुखरूप परतले. तिथून पुढे मानवी मोहीम आणि तिचा बिल्ला यांची जोडी कायमची जमली.

या साऱ्या इतिहासात अपोलो-11 च्या बिल्ल्याजवळ मी नेहमी थबकतो, कारण एका लहानशा वर्तुळात काय ठेवावे आणि काय गाळावे याचा इतका सूक्ष्म विवेक क्वचितच पाहावयास मिळतो. तो बिल्ला मुख्यतः त्या मोहिमेतील एक अंतराळवीर मायकेल कॉलिन्स यांनी आखला. पक्ष्यांच्या एका सचित्र पुस्तकातले गरुडाचे चित्र पातळ कागदाखाली धरून त्यांनी ते गिरविले. खाली चंद्राची विवरे, मागे काळ्या आकाशात पृथ्वी. आणि शांततेच्या हेतूने आलो आहोत हे कळावे म्हणून गरुडाच्या चोचीत ऑलिव्हची डहाळी. हे चित्र वरिष्ठांकडे गेले तेव्हा पंजे पसरून चंद्रावर उतरणारा तो पक्षी त्यांना फार आक्रमक वाटला आणि मसुदा नामंजूर झाला. तेव्हा ती डहाळी चोचीतून काढून पंजांत दिली, आणि एवढ्याशा फेरफाराने झडप घालणारा पक्षी भेट घेऊन येणारा पक्षी झाला. ‘अकरा’ हा आकडा रोमन लिपीत वा इंग्रजी शब्दात न लिहिता साध्या अंकांत घातला, कारण तो जगातल्या कोणालाही वाचता यावा अशी इच्छा होती. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तिन्ही अंतराळवीरांनी आपली नावे त्या बिल्ल्यावर घातलीच नाहीत. चंद्रावर पाऊल ठेवण्यासाठी ज्या हजारो माणसांनी रात्रीचा दिवस केला त्या सर्वांचा तो बिल्ला व्हावा, असा त्यांचा विचार. त्या चित्रात एक चूकही राहून गेली आहे. चंद्रावरून पाहताना पृथ्वीच्या ज्या भागावर अंधार दिसावयास हवा तिथे तो नाही, भलत्याच बाजूला आहे. कोट्यवधी लोकांनी पाहिलेल्या चित्रातली ही चूक तशीच राहिली, आणि मला वाटते ती राहिली हे योग्यच झाले, कारण माणसाच्या हातचे काम कसे असते याची ती साक्ष आहे.

आता कोणी विचारील, की माणूस ज्यात बसलेलाच नाही अशा व्यापारी उपग्रहाच्या उड्डाणाला बिल्ला कशाला हवा, तो शिवून घ्यावयाचा तरी कोणी. प्रश्न वाजवी आहे. याचे उत्तर प्रक्षेपणकेंद्रावरच्या दिनक्रमात सापडते. उपग्रह पेटीतून बाहेर काढल्यापासून तो अग्निबाणाच्या माथ्यावरच्या उष्णकवचात बंद होईपर्यंत, ग्राहकाच्या देशातली माणसे आणि यजमान देशातली माणसे, ज्यांची भाषा वेगळी, जेवण वेगळे, सुट्टीचे वार वेगळे, अशी सारी एकाच स्वच्छ दालनात पांढरे डगले घालून आठवडेच्या आठवडे वावरतात. तापमान मोजतात, विजेरीचा भार तपासतात, प्रत्येक खिळ्याची नोंद दप्तरात करतात. उड्डाण झाले, की पंधरावीस मिनिटांत उपग्रह सुटा होतो आणि ही माणसेही सुटी होतात. बहुतेकांची पुन्हा गाठ पडत नाही. जे यंत्र त्यांनी हातांनी हाताळले ते तर परत येणारच नाही. धातूची वस्तू बांधणाऱ्या कारागिराला ती वापरात असलेली पाहण्याचे समाधान असते, पूल बांधणाऱ्याला त्यावरून चालता येते; उपग्रह बांधणाऱ्याच्या हाती उड्डाणानंतर काही म्हणता काहीही उरत नाही. त्याच्या हाती हा बिल्ला उरतो.

त्यातही एक धैर्य असते, ते ध्यानात घेतले पाहिजे. बिल्ला उड्डाणाच्या आधी तयार होतो, मग उड्डाण सफल होवो वा न होवो. शहाणा चित्रकार त्यावर तारीख घालीत नाही, कारण वारा, पाऊस किंवा एखादी बिघडलेली झडप उड्डाण केव्हा पुढे ढकलील याचा नेम नसतो. अमेरिकेतील स्पेसएक्स कंपनीचे पहिले तीन फाल्कन-1 अग्निबाण 2006 ते 2008 या अवधीत लागोपाठ निकामी झाले. चौथ्या उड्डाणाच्या बिल्ल्यावर कोणीतरी चार पानांचे क्लोव्हर, म्हणजे तिकडे शुभ मानली जाणारी एक वनस्पती, भरून घेतली, आणि 28 सप्टेंबर 2008 रोजी तो अग्निबाण कक्षेत पोहोचला. तेव्हापासून त्या कंपनीच्या प्रत्येक बिल्ल्यात ती पाने कुठे ना कुठे असतातच. नव्या गाडीला लिंबूमिरची बांधणाऱ्या आपल्या लोकांना यात परके असे काहीच वाटू नये. अपयशाचे बिल्लेही उरतात. 31 ऑगस्ट 2017 रोजी पीएसएलव्ही-सी39 चे उष्णकवच उघडलेच नाही आणि आतला उपग्रह कवचासकट फिरत राहिला. अशा मोहिमेवर राबलेल्या माणसांचे श्रम यशस्वी मोहिमेपेक्षा तसूभरही कमी नसतात. आणि कल्पना चावलाच्या अखेरच्या उड्डाणाचा बिल्ला कोण विसरेल? 1 फेब्रुवारी 2003 रोजी ‘कोलंबिया’ यान परतीच्या वाटेवर भंगले. त्या मोहिमेचा बिल्ला यानाच्याच आकाराचा होता, त्यावर सातही जणांची नावे होती आणि कपोत तारकासमूहाचे सात तारे होते. तो आज शोकचिन्ह झाला आहे, पण ज्या दिवशी तो शिवला गेला त्या दिवशी ते आनंदाचेच चिन्ह होते.

हा बिल्ला बनतो कसा, हे कोल्हापूर-इचलकरंजी पट्ट्यातील वाचकाला सांगताना विशेष आनंद होतो, कारण सूत, मागाचा आवाज आणि रंगाची पारख या गोष्टी इथे घरातल्या आहेत. आधी चित्रकार कागदावर वा संगणकावर चित्र काढतो. ते हातभर मोठे असताना सुंदर दिसते. चार इंचांत आणले की त्यातले निम्मे नाहीसे होते. कारण सुईची टोचणी ही चित्राची सर्वांत लहान रेघ, आणि धाग्याला जाडी असते. अक्षर पाच मिलिमीटरांहून लहान झाले, की त्याची पोटे बुजतात. ‘ष’ आणि ‘प’ यांत फरक राहत नाही. रंगांच्या छटा एकमेकींत विरघळविता येत नाहीत, कारण प्रत्येक रंगाचे रीळ वेगळे, आणि यंत्रावर एका वेळी बसणारी रिळे मोजकीच, बहुधा नऊ ते पंधरा. तेव्हा चित्रकाराला आपले चित्र पुन्हा विचारपूर्वक मांडावे लागते: काय ठसठशीत ठेवायचे, कोणत्या रेघेचा मोह सोडायचा.

मग त्या चित्राचे टाक्यांत रूपांतर करणारा कारागीर येतो. कोणता भाग आधी भरायचा, टाका कोणत्या दिशेने पडावा, कुठे दाट आणि कुठे विरळ, हे सारे तो ठरवतो. त्याच्या कौशल्यावर बिल्ल्याचे रूप अवलंबून असते, परंतु त्याचे नाव कुठेही येत नाही. अग्निबाणाच्या शेपटीची ज्वाळा उभ्या टाक्यांनी भरली तर ती निर्जीव दिसते. तेच टाके तिरपे, लांबआखूड घातले, की उजेड धाग्यावरून घसरतो आणि ज्वाळा हलल्याचा भास होतो. आकाशाचा काळा वा गडद निळा भाग सर्वांत कठीण, कारण मोठे सपाट क्षेत्र दाट टाक्यांनी भरले तर खालचे कापड आक्रसते आणि वर्तुळ लंबगोल होते. म्हणून आधी एक विरळ अस्तरटाका घालून मग त्यावर मुख्य भरणी करतात. तारे सर्वांत शेवटी, पांढऱ्या धाग्याच्या दोनतीन टाक्यांत. भरणी झाल्यावर बिल्ला कातरून वेगळा करतात, कडेभोवती जाड गोठ चढवितात, आणि त्या गोठाचे धागे जिथे मिळतात तिथे पाठीमागे एक लहानशी शेपटी उरते, ती चिकटवून टाकावी लागते. पाठीवर उष्णतेने चिकटणारा थर किंवा वेल्क्रो लावला, की काम पुरे. प्रत्यक्ष चंद्रावर गेलेल्या पोशाखांवरचे बिल्ले मात्र भरतकामाचे नव्हते; 1967 च्या जानेवारीत अपोलोच्या यानात आग लागून तीन अंतराळवीर मृत्युमुखी पडल्यानंतर, काचेच्या तंतूंपासून विणलेल्या, न पेटणाऱ्या ‘बीटा’ कापडावर ते छापले गेले. आपल्या शहरात शाळांचे आणि तालमींचे बिल्ले भरणारी संगणकीय यंत्रे आता गल्लोगल्ली आहेत. उपग्रहाचा बिल्ला भरण्यास त्यांच्याकडे काही कमी आहे असे मला वाटत नाही.

येथवर परमुलखाच्या गोष्टी झाल्या. आता घरच्या गोष्टीकडे वळू. श्रीहरिकोट्याहून जे जे व्यापारी उड्डाण होते, त्याच्या मुळाशी कोल्हापुरात जन्मलेल्या एका माणसाचे श्रम आहेत, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? एकनाथ वसंत चिटणीस यांचा जन्म 25 जुलै 1925 रोजी कोल्हापुरात झाला. विश्वकिरणांचा अभ्यास करीत ते अहमदाबादला विक्रम साराभाई यांच्यापाशी गेले, काही काळ अमेरिकेतील एमआयटीत ब्रूनो रॉसी यांच्यासोबत राहिले, आणि साराभाईंनी बोलावताच परत आले. 1962 साली अंतराळ संशोधनाची राष्ट्रीय समिती स्थापन झाली तेव्हा तिचे कामकाज त्यांच्याकडे होते. चुंबकीय विषुववृत्ताजवळची जागा शोधीत त्यांनी केरळचा किनारा पालथा घातला आणि थुंबा निश्चित झाले. 21 नोव्हेंबर 1963 रोजी तिथून पहिला अग्निबाण उडाला. पुढे उपग्रह कक्षेत सोडण्यासाठी पूर्वेकडे तोंड असलेला, समोर मोकळा समुद्र असलेला किनारा हवा झाला, म्हणजे पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या गतीचा लाभ घेता येईल आणि वापरून टाकलेले टप्पे वस्तीवर न पडता समुद्रात पडतील. त्या शोधासाठीही साराभाईंनी चिटणीसांनाच धाडले, आणि श्रीहरिकोटा हे बेट भारताच्या नकाशावर ठळक झाले. 1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर सहा राज्यांतील 2400 खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरदर्शन पोहोचविण्याचा जो प्रयोग झाला त्याचीही धुरा त्यांनी वाहिली. 1985 साली त्यांना पद्मभूषण मिळाले, आणि वयाची शंभरी पार करून 2025 च्या ऑक्टोबरात पुण्यात त्यांनी देह ठेवला. त्यांच्या कोणत्याही मोहिमेला बिल्ला नव्हता. तो काळच निराळा होता. थुंब्याच्या चर्चमध्ये अग्निबाणाचे भाग जुळवणाऱ्या माणसांना बाहीवर चिन्ह लावण्याची सवड नव्हती.

चिटणीस एकटे नाहीत. अग्निबाणाचे घन इंधन देशातच बनावे म्हणून झटलेले वसंत गोवारीकर पुण्याचे, आणि 18 जुलै 1980 रोजी एसएलव्ही-3 ने रोहिणी उपग्रह कक्षेत ठेवला तेव्हा थिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई केंद्राचे ते संचालक होते. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याच्या इंधनाची अजस्र नळकांडी इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात घडत आली आहेत. अग्निबाणांची ‘विकास’ इंजिने मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बनतात. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा सुमारे एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ उपग्रह 22 जून 2016 रोजी, आणि मुंबई आयआयटीच्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ त्याच वर्षी 26 सप्टेंबरला कक्षेत गेला. उसाच्या फडातून जाणाऱ्या रस्त्यावरच्या कारखान्यात एखादा वेल्डर नळकांड्याचा जोड क्ष-किरणांच्या कसोटीला उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा घासतो, आणि त्याच नळकांड्यावर बसून इटलीचा वा सिंगापूरचा उपग्रह जातो. दूरदर्शनवर टाळ्या वाजविणाऱ्या खोलीत तो वेल्डर दिसत नाही. अपोलोच्या तिघांनी आपली नावे गाळून जे साधले, तेच आपल्याकडे निराळ्या वाटेने साधावयास हवे: बिल्ला नियंत्रणकक्षापुरता न राहता वालचंदनगरच्या आणि विक्रोळीच्या कामगारांच्या डगल्यावर गेला पाहिजे. खर्च म्हणाल, तर प्रत्येकी काही रुपयांचा. अग्निबाणाच्या अंदाजपत्रकात तो दिसणारही नाही.

स्मृती जपण्याच्या आपल्या देशी वाटा नव्हत्या असे नाही. आर्यभट उपग्रह 19 एप्रिल 1975 रोजी गेला, त्याच वर्षी टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले, आणि पुढे दोन रुपयांच्या नोटेच्या पाठीवर आर्यभटाचे चित्र आले. ज्या शेतमजुराने उपग्रह हा शब्दही ऐकला नव्हता त्याच्या मुठीत ते चित्र फिरले; याहून व्यापक स्मृतिचिन्ह कोणते असणार? परंतु नोट सर्वांची असते, म्हणून ती कोणा एकाची नसते. बिल्ला एका विशिष्ट उड्डाणाचा आणि ते घडविणाऱ्या विशिष्ट माणसांचा दाखला असतो, आणि म्हणून इतिहासकाराला तो अधिक उपयोगी पडतो.

अशा लहान वस्तूंची किंमत कोल्हापूरकरांना मी काय सांगावी! टाऊन हॉलच्या संग्रहालयात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची एक वीतभरदेखील नसलेली काशाची मूर्ती आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत ती सापडली, आणि सुमारे दोन सहस्र वर्षांपूर्वी या गावाचा रोमन जगाशी व्यापार होता याचा पुरावा ठरली. ज्या व्यापाऱ्यांनी ती आणली त्यांचे करारमदार, जहाजे, हिशेबाच्या वह्या, सारे नष्ट झाले. ती मूर्ती तेवढी राहिली. आज आकाशमार्गे होत असलेल्या व्यापाराचेही करारनामे उद्या गहाळ होतील, संगणकातील दप्तरे वाचता येईनाशी होतील, उपग्रह वातावरणात जळून जातील. तेव्हा पीएसएलव्हीच्या व्यापारी उड्डाणांचे, ‘प्रारंभ’चे, विद्यार्थ्यांच्या उपग्रहांचे बिल्ले, टपालाची विशेष पाकिटे आणि आर्यभटाची नोट यांचे एक कपाट याच संग्रहालयात असावे, आणि त्यावर एकनाथ चिटणीसांचे नाव असावे, अशी माझी महापालिकेला, शिवाजी विद्यापीठाला आणि संग्रहालयाच्या व्यवस्थापकांना विनंती आहे. वाचकांपैकी ज्यांच्या घरी कोणी अंतराळाच्या कामात आहे, होते, किंवा एखाद्या कारखान्यात अग्निबाणाचा एखादा भाग घडवून निवृत्त झाले आहे, त्यांनी जुन्या डगल्याच्या खिशात, कागदांच्या गठ्ठ्यात असा एखादा बिल्ला आहे का पाहावे. असल्यास त्याच्या पाठीवर न लिहिता एका वेगळ्या चिठ्ठीवर मोहिमेचे नाव, साल आणि त्या माणसाने केलेले काम लिहून ती चिठ्ठी त्याच्यासोबत ठेवावी.